नावे ठेवणारी माणसं

जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. एक जमा, दुसरी नावे. एवढं ज्ञान मी बी. कॉम.ची फी भरून मिळवलं आणि त्याच्याच जोरावर बँकेत पोट भरतो आहे. भाषा शिकवणाऱ्या मास्तरांच्या वहीला मात्र एकच बाजू असते : नावे! 'नावे ठेवणे' हा वाक्प्रचार बहुधा त्यांच्याच खात्यातून निघाला असावा.

सध्या माझं भांडण स्पॅनिशच्या मास्तरांशी आहे. बँकेतल्या कारकुनाचा स्पॅनिशशी संबंध काय, असं कुणीही विचारील. पण माझी पुतणी पुण्यातल्या एका क्लासात ती भाषा शिकते आणि तपासून आलेले निबंध मला वाचून दाखवते. शिवाय हिशेब तपासणाऱ्याला दुकान चालवता यावंच लागतं, असं थोडंच आहे?

विषय होता 'माझे कुटुंब'. दर चुकीला अर्धा मार्क वजा. तिच्या शेजारच्या मुलानं लिहिलं : माझं घर मोठं आहे. माझी आई चांगली आहे. माझा कुत्रा चांगला आहे. वीसपैकी साडेएकोणीस! उरलेला अर्धा कुठे गेला, ते त्या कुत्र्यालाच ठाऊक.

पुतणीनं लिहिलं की, आजीचे गुडघे दुखतात, तरी माझ्या लग्नात तिनं नाचावं अशी माझी फार इच्छा आहे. आता 'नाचते' याला स्पॅनिशमध्ये 'बाइला' म्हणतात आणि इच्छेच्या मागून येणाऱ्या 'नाचावं'ला 'बाइले'. तिनं 'बाइला' लिहिलं. अर्धा गेला! अशा सतरा जागी लाल शाई सांडून साडेअकरा मार्क हाती आले. आजी नाचली की नाही, याची कुणीच चौकशी केली नाही. पुढच्या निबंधात आजी नाहीच. एक मांजर आहे. ते चांगलं आहे.

वाचकहो, माझा राग आहे तो या मांजरावर! ज्याला सांगायचं काहीच नाही, तो चुकत नाही. जो अवघड वाक्याला हात घालतो, तोच आपटतो. वजाबाकीच्या तपासणीत पहिला श्रीमंत होतो आणि दुसऱ्याचं दिवाळं निघतं.

'म्हणजे चुका खपवून घ्यायच्या?' असं मास्तर डोळे वटारून विचारतील. मुळीच नाही! पण चुकीचंही वजन असतं की नाही? स्पॅनिशमध्ये 'प्रोब्लेमा' हा शब्द आकारान्त असून पुल्लिंगी आणि 'मानो' म्हणजे हात, हा ओकारान्त असून स्त्रीलिंगी. कुणी 'ती प्रोब्लेमा' लिहिलं तर प्रॉब्लेम कळायचा राहत नाही. उलट 'आन्यो' म्हणजे वर्ष. त्यातल्या 'न'वरची नागमोडी रेघ विसरलात तर 'आनो' होतं, आणि मला चाळीस वर्षं झाली म्हणताना माणूस स्वतःला चाळीस गुदद्वारं बहाल करतो. या दोन्ही चुकांना सारखाच अर्धा मार्क? आपल्याकडे 'शिक्षक दिन'चा 'शिक्षक दीन' होतो तेव्हा अर्थ बदलतो (कधीकधी जास्त खरा होतो!), पण 'आणि'ला दुसरी वेलांटी दिल्यानं कुणाचं काय बिघडतं?

आमच्या काउंटरवर हा न्याय रोज होतो. चेकवर 'पाचशे फकत' असं लिहिलेलं असलं तरी आम्ही पैसे देतो. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली नाही तर चेक परत करतो. कारकुनाला जे कळतं ते मास्तरांना कळू नये?

बरं, खुद्द स्पॅनिशवाले तरी इतके कडक आहेत का? इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेनची सरकारी संस्था 'डेले' नावाची परीक्षा घेते. तिच्या बी-२ पातळीला 80 मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात, प्रत्येकी 150 ते 180 शब्दांचे. ते तपासताना बिनचूकपणा पाहतातच, पण चारांतली एक बाजू म्हणून. बाकीच्या तीन अशा : लेखन त्या कामाला शोभतं का, सुसंगत आहे का, आणि भाषेचा पल्ला किती. पल्ला! म्हणजे जमेची बाजू! कुत्रा चांगला असून तिथे फार लांब जाता येत नाही.

आणि ज्यांच्या नियमांसाठी एवढी शाई सांडायची, त्या स्पॅनिश अकादमीचं (स्थापना 1713) ऐका. 'सोलो' या शब्दावरची रेघ देऊ नये, असं तिनं 2010 साली सुचवलं. लेखक मंडळी ऐकेनात. तेव्हा 2023 मध्ये, घोटाळा होईलसं वाटलं तर लिहिणाऱ्यानं आपल्या मतानं ठरवावं, इथवर ती आली. नोबेल मिळवलेल्या गार्सिया मार्केसनं तर 1997 साली मेक्सिकोत, भाषेच्या परिषदेतच, शुद्धलेखनाला निवृत्त करा असं सांगून खळबळ उडवली. त्याचं स्वतःचं शुद्धलेखन कच्चंच होतं. आमच्या क्लासात हा गृहस्थ बहुधा मांजरावरच लिहीत बसला असता.

मास्तरांपुढे वह्यांचा ढीग असतो आणि चुका मोजणं सोपं असतं, हे मला मान्य आहे. नोटा मोजणंही सोपंच असतं. पण म्हणून आम्ही खातेदाराला फक्त काढलेल्या रकमा दाखवून घरी पाठवत नाही, भरलेल्याही दाखवतो. तेव्हा मास्तर, वहीच्या कडेला आधी एवढंच लिहा की पोरीला काय सांगायचं होतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं का. मग अर्थ बिघडवणाऱ्या दोन-तीन चुका दाखवा. उरलेल्या पुढच्या महिन्यात दाखवा. चुकांना काही मुदत नसते. पोरीच्या हिमतीला मात्र असते.