कुत्र्याच्या छत्रीला लाथ मारू नका

पावसाळ्यात उकिरड्यावर, कुजक्या लाकडावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. पोरं त्यांना लाथा मारतात. मला हे पटत नाही. छत्री हे बुरशीचे फळ आहे. खाली तिचे पांढरे धागे असतात. ते लाकूड कुजवतात. अशा काही बुरशी तेलसुद्धा कुजवतात, असे बाईंनी सांगितले.

अमेरिकेत पॉल स्टॅमेट्स नावाचे अळिंबीचे जाणकार आहेत. त्यांनी २००८ साली भाषणात एक प्रयोग सांगितला. डिझेलने नासलेल्या मातीचे चार ढीग होते. एकात धिंगरी अळिंबीचे धागे मिसळले. सहा आठवड्यांनी बाकीचे ढीग काळे आणि घाण वासाचेच राहिले. धिंगरीच्या ढिगावर मात छत्र्याच छत्र्या! मग तिथे माशा आल्या, पाखरं आली, रोपं उगवली.

आपल्याकडे ट्रॅक्टरचं जळकं ऑईल बांधावर ओततात. तिथे गवतही येत नाही. माझे मत असे की, आधी ओतणे बंद करावे. ऑईल डब्यात साठवावे. मग कृषी खात्याला विचारून मोठ्या माणसांनी त्या मातीत धिंगरीचा प्रयोग करावा. पण ती अळिंबी कुणी खाऊ नये. तेल कुजते, शिसे कुजत नाही. ते छत्रीत साठू शकते.

पालकांनो, तुम्हाला काय वाटते?

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी