तटाचा उपयोग संपला काय?

किल्ला म्हटला की आपल्याला रायगड किंवा प्रतापगड आठवतो. चंद्रपूरच्या जुन्या शहरातील मुलांना मात्र किल्ला पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, कारण ती किल्ल्यातच राहतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने या नगराच्या तटाचा पाया घातला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला, असे सांगतात. आठ किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे येथे लहान दरवाजा.

आज जटपुरा दरवाजापाशी वाहनांची कोंडी होते. मग कोणी म्हणतो, "तोफांचे दिवस गेले. आता या भिंतीचा उपयोग काय? थोडी फोडा, रस्ता मोठा होईल." प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी तट कोणते काम करीत असे, ते पाहू.

तटामुळे शत्रू कायमचा थांबतो, ही समजूत चुकीची आहे. तट वेळ मिळवून देतो. शत्रू बाहेर खोळंबला की त्याचा दाणागोटा संपू लागतो, पावसाळा जवळ येतो आणि आतल्यांना मदत पोहोचण्याची आशा असते. सरळ भिंतीच्या अगदी पायथ्याशी आलेला माणूस वरच्या शिपायाला दिसत नाही. म्हणून ठरावीक अंतरावर पुढे आलेले बुरूज बांधतात. एका बुरुजावरून शेजारच्या भिंतीचा पायथा दिसतो. ही साधी भूमितीच आहे.

आणखी एक हिशेब करून पाहा. तटाची लांबी दुप्पट केली, तर त्याच आकाराच्या नगराचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे मोठा तट बांधणे किफायतीचे! पण राखणीचे काय? दर पाच मीटरांवर एक शिपाई उभा करायचा, तर आठ किलोमीटरांना एका वेळी १६०० शिपाई लागतील. त्यांची झोप धरली, तर याच्या दुप्पट-तिप्पट. चंद्रपूरच्या राजांना निसर्गाने थोडी मदत केली होती. पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट या नद्या खंदकाचे काम करीत.

तरीही मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले आणि सैन्य आत शिरले. तोफगोळ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. मातीचा जाड भराव ही ऊर्जा जिरवतो, दगडी भिंत मात्र तडकते. ज्या काळी हा तट आखला गेला, त्या काळाला तो पुरेसा होता. पुढे तोफ बदलली आणि भिंत जुनी झाली.

तट आणखी एक गोष्ट सांगतो. माणूस मोलाच्या वस्तूभोवतीच कुंपण घालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडचा किल्ला पाहा. त्या परिसरात हिऱ्यांची खाण होती आणि 'आईन-ए-अकबरी'तही तिची नोंद आहे. किल्ला कोठे आहे हे पाहिले, की त्या काळच्या लोकांना काय मोलाचे वाटत होते ते कळते.

म्हणून माझे मत असे, की चंद्रपूरचा तट फोडू नये. तट ही बंद आकृती आहे. सोयीसाठी एक फट पाडली की दुसरीला कारण मिळते आणि शेवटी दगडांचे सुटे तुकडे उरतात. वाहतुकीसाठी पर्यायी रस्ते आखता येतात, तट मात्र पुन्हा बांधता येत नाही.

पण हे जतन फुकट होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नव्या बांधकामास बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. तटालगत राहणाऱ्या गरीब कुटुंबाला गळके छप्पर नीट करण्यासाठी हेलपाटे घालावे लागले, तर त्याला तटाबद्दल प्रेम कसे वाटेल? वारसा सर्वांचा असेल, तर त्याचा भार थोड्यांवरच पडू नये. अशा परवानग्या लवकर मिळाल्या पाहिजेत.

आज तटाचा शत्रू तोफ नसून पिंपळाचे रोप आहे. सांध्यातील चुन्यात त्याचे मूळ शिरते, जाड होते आणि दगड बाजूला सारते. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी शेकडो दिवस श्रमदान करून ही झुडपे व कचरा काढला. ज्या तटाने नगराची राखण केली, त्याची राखण आता नगरवासीयांनी आरंभिली आहे.

शिक्षकांना विनंती, की भूमितीचा एखादा तास तटापाशी घ्यावा. आणि मित्रांनो, तुम्ही दोन बुरुजांमधील अंतर पावलांनी मोजा व ते तेवढेच का ठेवले असेल, याचा विचार करा. तटाचा उपयोग संपला की नाही, हे तेथेच ठरवा.