चालू सिस्टिमची दुरुस्ती: एफएससीके चालवण्याआधी हे वाचा

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गचा किनारा झोडपून गेलं, तेव्हा किती गावं अंधारात होती ते विजयदुर्गच्या पोरांना आठवत असेल. पण वादळच कशाला, पावसाळ्यात नुसती लाईट गेली तरी दुकानातला लिनक्सवाला कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. पुन्हा चालू केला की डिस्कच्या एरर. मग कुणीतरी सांगतं, 'टर्मिनल उघड, एफएससीके मार, सगळ्याला येस म्हण.'

असं करू नका. सिस्टिम ज्या पार्टिशनवरून चालू आहे, त्याचा नकाशा कर्नलने रॅममध्ये धरून ठेवलेला असतो. एफएससीके थेट डिस्कवर दुरुस्ती करतो, कर्नलला त्याचा पत्ताच नसतो. थोड्या वेळाने कर्नल आपल्याकडची जुनी माहिती त्यावरच लिहितो. एकाच सातबाऱ्यावर दोन तलाठी एकमेकांना न विचारता नोंदी करतायत, असं समजा. किरकोळ बिघाड होता, तिथे अख्ख्या फाइली जातात. एफएससीके आधी धोक्याची सूचना देतो, पण ती वाचतो कोण?

विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर ते आधी पाण्याबाहेर हवं, हाच हिशोब इथे. लिनक्स बूट होताना रूट पार्टिशन आधी फक्त वाचण्यापुरतं जोडतो, तपासतो, मगच लिहायला मोकळं करतो. हाताने करायचं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि पार्टिशन न जोडता एफएससीके चालवा. डिस्कच मरायला टेकली असेल तर आधी डेटाची कॉपी काढा, दुरुस्ती नंतर.

तुमच्या फोनमध्येही हेच तत्त्व आहे. अँड्रॉइडचं सिस्टिम पार्टिशन फक्त वाचता येतं. 7.0 आवृत्तीपासून (2016) बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात: एक चालू असताना अपडेट दुसरीवर लिहिलं जातं आणि ते फसलं तर फोन जुन्या प्रतीवर परततो. फोटो मात्र डेटा पार्टिशनवर असतात, त्याची दुसरी प्रत नसते. बॅकअप तुम्हीच घ्यायचा.

चालू असतानाच दुरुस्ती जमणारच नाही असं नाही. एक्सएफएस या फाइल सिस्टिमसाठी डॅरिक वाँग यांनी कित्येक वर्षं त्यावर काम केलं आणि 2024 च्या लिनक्स कर्नलमध्ये त्याचा बराच भाग आला. तिथे दुरुस्ती कर्नल स्वतःच करतो, म्हणजे तलाठी एकच. पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर बहुधा ईएक्सटी4 असते, आणि तिला अजून गोदीच लागते.