चिठ्ठी डॉक्टरांची, भुर्दंड रुग्णाला

कल्याण-कसारा मार्गावरील खडवली स्थानकात संध्याकाळच्या गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या चाकरमान्याची पावले पावसाळ्यात घराआधी दवाखान्याकडे वळतात. अंगात ताप असतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणे भाग असते. ‘एक सुई टोचा, पण उद्या उभे राहता आले पाहिजे,’ असा त्याचा आग्रह असतो. सुई, तीन-चार प्रकारच्या गोळ्या आणि शक्तीचे औषध एवढा सरंजाम घेऊन तो बाहेर पडतो. हे चित्र भातसाकाठच्या या एकाच गावाचे नव्हे. डॉ. अनंत फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर तपासला, तेव्हा अनावश्यक औषधे आणि इंजेक्शने यांवर रुग्णांचा पैसा कसा वाया जातो, हेच दिसून आले होते.

याचे मूळ व्यवहाराच्या रचनेत आहे. औषध निवडतो एक आणि त्याचे पैसे मोजतो दुसरा. भाजी घेताना भाव करणारा गृहस्थ औषधाच्या चिठ्ठीपुढे मुका होतो. त्यामुळे एकाच द्रव्याची गोळी निरनिराळ्या नावांनी व भावांनी खपते आणि कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात ताटकळतात.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. हाथी समितीने १९७५ सालीच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. औषध मूळ नावाने व सुवाच्य अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ मध्ये झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला, परंतु त्याच महिन्यात नवे नियम स्थगित झाले. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने खर्चावर आधारलेली पद्धत सोडून बाजारभावांच्या सरासरीवर कमाल किंमत ठरविण्याची रीत आणली. बाजारात भाव आधीच फुगलेले असतील, तर त्या सरासरीतून रुग्णाला कितीसा दिलासा मिळणार?

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. केवळ मूळ नाव लिहिले, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे औषधविक्रेता ठरवील, आणि तिच्या दर्जाची हमी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तथापि त्याचे उत्तर महागड्या नावांत नसून कडक तपासणीत आहे. तामिळनाडूने नव्वदच्या दशकात स्वतंत्र महामंडळ स्थापून एकत्रित खरेदी आणि दर्जातपासणी यांची सांगड घातली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आणि सरकारी रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. पण खिडकीवर ‘औषध शिल्लक नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या निःशुल्क उपचारास अर्थ उरत नाही.

सुशिक्षितांनाही यात काही करता येईल. विषाणूजन्य तापावर प्रतिजैविक चालत नाही, आणि ते उगाच घेतल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. ताप रेंगाळला तर सुईपेक्षा हिवताप व डेंग्यूची तपासणी महत्त्वाची. ‘डॉक्टरसाहेब, ही सुई खरोखरच हवी का? मूळ नाव लिहून द्याल का?’ एवढे नम्रपणे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही. शिक्षकाने आणि कारकुनाने हा प्रश्न विचारला, तर रोजावर राबणाऱ्या मजुरालाही तो विचारण्याचे धैर्य येईल.