धुरातली कुंची

वाचकहो, जुन्यापुराण्या चमत्कारिक वस्तूंच्या या आपल्या सदरात आज आम्ही एका कुंचीची हकीकत सांगणार आहोत. थंडीवाऱ्यात तान्ह्या बाळाला घालतात तशीच कुंची, पण ही मोठ्या माणसाची. जाड कापडाची, खांद्यापर्यंत येणारी, डोळ्यांपुढे काच बसवलेली आणि हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी लोंबणारी. ती घातलेल्या माणसाचा जुना फोटो पाहिला की हसू येते. घरातली पोरे तर बहुरूपी आला म्हणून टाळ्या पिटतील. पण याच कुंचीने माणसे मरणाच्या दारातून परत आणली आहेत.

ही कुंची बनवणारे गॅरेट मॉर्गन. जन्म ४ मार्च १८७७, अमेरिकेतील केंटकी राज्यात. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक. अकरा भावंडांत हे सातवे. शाळा जेमतेम सहावीपर्यंत. मिसरूड फुटायच्या आत कामाच्या शोधात घर सोडले. पडेल ते काम केले, पण मजुरीतले पैसे बाजूला काढून शिकवणी लावली, हे विशेष. १८९५ साली ते क्लीव्हलँड शहरात आले आणि एका कारखान्यात झाडू मारू लागले. तिथली शिलाई यंत्रे न्याहाळता न्याहाळता ती दुरुस्त करायला शिकले. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि १९०९ मध्ये शिवणकामाचा कारखाना. त्यात ३२ माणसे कामाला होती.

त्या काळी आग विझवणारे बंबवाले आगीने मरत, तसेच धुरानेही गुदमरत. मॉर्गन यांनी एक साधी गोष्ट हेरली. आगीचा धूर गरम असतो, म्हणून तो वर चढतो. जमिनीलगत थोडी बरी हवा उरते. मग उभ्या माणसाला जमिनीलगतची हवा का पुरवू नये? त्यांनी कुंचीची नळी थेट पायापर्यंत सोडली आणि तिच्या टोकाला ओला स्पंज बसवला. स्पंजाने धूर अडे आणि हवा गार होई. उच्छ्वास बाहेर टाकायला वेगळी वाट ठेवली. १९१४ साली त्यांना पेटंट मिळाले. धुरापासून वाचवणारी साधने त्यांच्या आधीही इतरांनी केली होती, पण ही हलकी होती आणि झटकन घालता येत होती.

वस्तू चांगली, पण खपणार कशी? दक्षिणेकडच्या गावांतले गोरे अधिकारी काळ्या माणसाने केलेली वस्तू विकत घेईनात. तेव्हा मॉर्गन यांनी एक सोंग काढले. शोधकर्ता म्हणून एका गोऱ्या माणसाला पुढे उभे केले. स्वतः अमेरिकेतल्या मूळ आदिवासीचा वेष घेतला आणि नाव लावले ‘बिग चीफ मेसन’. १९१४ साली न्यू ऑर्लीन्स शहरात असाच खेळ झाला. तंबूत डांबर, गंधक आणि शेण जाळून कोंडी केली. मॉर्गन कुंची घालून आत गेले, वीसेक मिनिटे राहिले आणि ठणठणीत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याची अक्कल, तो सोंगाड्या झाला, आणि मान दुसऱ्याने घेतला. पोटासाठी आणि आपल्या वस्तूसाठी माणसाला स्वतःचे नाव गिळावे लागले.

दोन वर्षांनी सोंग उतरवायची वेळ आली. क्लीव्हलँडला पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे म्हणून ईरी सरोवराच्या तळाखाली बोगदा खणला जात होता. २४ जुलै १९१६ च्या रात्री आत वायूचा स्फोट झाला. मजूर अडकले. त्यांना काढायला गेलेले लोकही गुदमरून पडले. मग पहाटेपूर्वी कोणाला तरी मॉर्गन यांची आठवण झाली. ते भाऊ फ्रँक यांना घेऊन कुंच्यांसह धावले आणि ज्या बोगद्यात उतरायला कोणी धजत नव्हते त्यात उतरले. दोघांना त्यांनी जिवंत बाहेर काढले, काही मृतदेहही वर आणले. त्या दुर्घटनेत सुमारे वीस माणसे गेली.

पुढे शौर्याची पदके वाटली गेली, तेव्हा मॉर्गन यांना वगळले. त्यांनी गप्प न बसता महापौरांना पत्र लिहून जाब विचारला. १९१७ मध्ये शहरातल्या काही नागरिकांनी स्वतःहून त्यांना हिरे जडवलेले सुवर्णपदक दिले. पण आता कुंचीचा खरा कर्ता जगाला कळला होता, आणि दक्षिणेकडच्या काही गावांनी आपल्या मागण्या रद्द केल्या. कुंची कालचीच होती. बदलला होता तो फक्त चेहरा.

मॉर्गन खचले नाहीत. १९२० साली त्यांनी काळ्या लोकांसाठी ‘क्लीव्हलँड कॉल’ हे वृत्तपत्र काढले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला इकडे मुंबईत बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला होता. दोघांची ओळख असल्याचे आम्ही म्हणत नाही. पण आपले म्हणणे दुसरा मांडणार नाही, ते आपणच छापले पाहिजे, हे दोन्ही खंडांत एकाच वर्षी उमगले होते. १९२३ मध्ये मॉर्गन यांनी चौकातल्या वाहतुकीच्या खांबाचेही पेटंट घेतले. ‘थांबा’ आणि ‘जा’ यांच्या मध्ये सर्व बाजूंची वाहने थांबवण्याची सोय त्यात होती. २७ जुलै १९६३ रोजी ते वारले. ज्या शहराने पदक नाकारले, त्याच शहराच्या एका जलशुद्धीकरण केंद्राला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

जाता जाता एक कळकळीची सूचना. ही हकीकत वाचून कोणी तोंडाला ओले फडके बांधून गटारात किंवा जुन्या विहिरीत उतरू नये. मॉर्गन यांची युक्ती आगीच्या धुरासाठी होती, कारण तो वर जातो. गटारातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशीच साचतो. ओल्या फडक्याने तो अडत नाही. एक पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि घरेच्या घरे उघडी पडतात. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी गटारात उतरवणे गुन्हा ठरवले आहे. कोणी उतर म्हटले तर नाही म्हणा, आणि शेजाऱ्यालाही नाही म्हणायला शिकवा.

आणि एखाद्या जुन्या फोटोत कोणी ऐटीत उभा दिसला, तर मुलांना एवढे जरूर विचारायला सांगा: ही वस्तू केली कोणी, आणि तो माणूस फोटोत आहे का?