नाव दोघांच्या पसंतीचे
बाळाच्या नावावर अम्मी-अब्बांचे एकमत होत नसेल, तर दोघांनी पाच-पाच नावे लिहून आडनावासह मोठ्याने म्हणावीत, असे आम्ही सुचवतो. ‘सना तांबोळी’ सहज उमटते; ‘सरदार इनामदार’ला यमक चिकटते.

मग उर्दूत लिहून अर्थ पाहावा. ‘सीन’ने लिहिलेले आसिया हे फिरऔनच्या नेक बीबीचे नाव, ‘ऐन-साद’ने लिहिले तर अर्थ नाफरमान. हे दुसरे नाव रसूलुल्लाह (स.) यांनी बदलून जमीला ठेवले होते. मराठीत दोन्ही सारखीच दिसतात! ‘अब्दुल’ही एकटे अपुरे, अब्दुल रहमान पूर्ण लिहावे.

‘ज’ की ‘झ’, हे जन्मदाखल्याआधीच ठरवावे. पुढे शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तेच राहावे. नाहीतर एकाच लेकराची दोन नावे होतात.