वहीचं दुसरं पान



१६६४ हे साल तुमच्या ओळखीचं आहे. शिवाजी महाराजांच्या इतिहासात ते दोनदा भेटतं. त्या वर्षी जानेवारीत महाराजांनी सुरतेवर छापा घातला. आणि २५ नोव्हेंबरला आमच्या मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. दुसरी तारीख आम्ही मालवणची माणसं विसरूच शकत नाही. धक्क्यावर उभं राहिलं की किल्ला समोर! २०२५ साली जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं, तेव्हा तर सगळ्या शाळांतून काय आनंद झाला होता!

पण पहिल्या तारखेचं काय? ती सुरत तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती पाहिली. आणि सुरतेत सगळ्यांत जास्त वेळ आम्ही कुठे रमलो, सांगू? एका जुन्या दफनभूमीत! नाक मुरडू नका हं. आधी ऐका तर.

धाकटे दीर नोकरीनिमित्त सुरतेत असतात. त्यांच्याकडे आम्ही सगळे गेलो होतो. मी, घरातले हे, सासूबाई, सातवीतली पुतणी आणि चौथीतला माझा मुलगा. कतारगाम भागात इंग्रजांची जुनी थडगी आहेत, थोड्या अंतरावर डच आणि आर्मेनियन लोकांची आहेत, हे मी वाचलं होतं. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेली आहेत. 'सकाळच्या उन्हात पायीच जाऊ या,' असं मी म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरांका घेवन मसणात कित्याक जातस गो?" पण त्याही निघाल्या. मात्र फाटकाशीच सावली बघून बसल्या.

आत पाऊल टाकलं आणि मुलं चाटच पडली. थडगी म्हणजे जमिनीलगतचे दगड, असं त्यांना वाटत होतं. इथे तर घुमट, कमानी, जाडजाड खांब! एखाद्या बादशहाचा मकबरा वाटावा अशा इमारती. गंमत बघा, माणसं इंग्लंडची, पण थडगी आपल्याकडच्या मुघली थाटाची. त्या काळी सुरत हे मुघलांचं सर्वांत श्रीमंत बंदर होतं. १६१३ च्या सुमारास इंग्रजांची वखार इथे सुरू झाली. 'आम्हीही कोणी कमी नाही' हे शहराला दिसावं, म्हणून मेलेल्यांसाठीसुद्धा असे महाल उठवले गेले.

त्यांतली सर्वांत मोठी इमारत दोन मजली आहे. उंची सुमारे ४० फूट. ती आहे ऑक्झिंडेन भावांची. क्रिस्टोफर ऑक्झिंडेन १६५९ साली वारला. त्याच्यासाठी घुमट बांधला गेला. दहा वर्षांनी, १६६९ साली, त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झिंडेन सुरतेतच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या मोठ्या इमारतीनं भावाचा घुमट जणू कुशीत घेतला. दोघे भाऊ एकाच छपराखाली आहेत.

हा जॉर्ज कोण, ठाऊक आहे? महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख हाच होता! शहराचा मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. पण जॉर्जनं मूठभर माणसं घेऊन वखार राखली. त्याबद्दल औरंगजेबानं त्याला मानाचा पोशाख पाठवला, इंग्रजांना जकातीत सवलत दिली. मुंबई बेट १६६८ मध्ये इंग्रज कंपनीकडे आलं, तेव्हा तिथला कारभारही त्याच्याकडेच होता. आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला जो हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता, तो या जॉर्जचा पुतण्या बरं का!

माझ्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हा आपला शत्रूच ना? मग त्याचं थडगं आपण कशाला बघायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला म्हटलं, "आधी याच्या भावाच्या थडग्यावर काय लिहिलंय ते वाचू या." लेख लॅटिन भाषेतला आहे. जुन्या पुस्तकांत त्याचं भाषांतर छापलेलं आहे, ते मी वहीत उतरवून नेलं होतं. त्याचा आशय असा : या माणसाला आपल्या वहीत वर्षं मांडता आली नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मरणानं अचानक हिशोब मागितला. मालकांना उद्देशून पुढे म्हटलंय की, नफातोटा विचाराल तर तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकेल की, मरण हाच माझा लाभ.

कारकुनी करणाऱ्या व्यापाऱ्याचं थडगं, म्हणून त्यावर जमाखर्चाची भाषा! पुतणीला हे भारीच आवडलं. मुलगा मात्र गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "त्याचे मित्र रडले असतील."

तेवढ्यात तिथे फेरफटका मारायला आलेले एक सुरती आजोबा थांबले. कुठून आलात, म्हणून त्यांनी हिंदीत विचारलं. मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, असं मुलांनी अभिमानानं सांगताच आजोबा हसून म्हणाले, "अच्छा! म्हणजे आमच्या पैशांचा किल्ला तुमच्या गावात आहे तर!"

मुलाचा चेहरा लालबुंद! आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला. "आई, हे खरं आहे?"

मुलांनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मी त्याला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. सुरतेवर जाण्यापूर्वी तीन वर्षं शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्याच्या फौजांनी स्वराज्यातली गावं उजाड केली, शेतं तुडवली. ते नुकसान भरून काढायला आणि मुघलांना धडा द्यायला महाराजांनी त्यांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर घाला घातला. तिथून आणलेल्या संपत्तीचा स्वराज्याला मोठा आधार झाला. त्याच वर्षी सिंधुदुर्ग उभा राहू लागला. हे झालं एक पान.

आता दुसरं पान. सुरतेत आगी लागल्या, घरं जळाली. वीरजी व्होरा नावाचा मोठा सावकार होता, त्याचा वाडा लुटला गेला. सुरतेच्या आज्यांनी आपल्या नातवंडांना त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या असतीलच ना? त्याच गोंधळात महाराजांनी फादर अँब्रोज नावाच्या धर्मगुरूला त्रास होऊ दिला नाही, आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या एका दिवंगत दलालाचं घर सोडून दिलं, असं बर्नियर या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवलंय. हेही त्याच पानावर आहे.

आमच्या किल्ल्याचा अभिमान यानं कमी झाला का? मुळीच नाही. पण नुसतं जमेचं पान वाचून कधी कुणाला हिशोब कळलाय का? दोन्ही पानं उघडी ठेवावी लागतात.

बाहेर आल्यावर पुतणीनं आजीला दोघा भावांची हकिकत सांगितली. सासूबाई फाटकातून घुमटाकडे बघत म्हणाल्या, "दोगव भाव एकत्र निजलेत मां? बरां झालां." आणि पुढच्या दफनभूमीत त्या आमच्याबरोबर आत आल्या!

ती होती डच लोकांची. तिथलं मोठं अष्टकोनी, घुमटाचं थडगं आहे हेंड्रिक व्हान रीड या अधिकाऱ्याचं. तो १६९१ साली वारला. इंग्रजांपेक्षा आपली इमारत वरचढ हवी, म्हणून डचांनी ती थाटात बांधली, असं म्हणतात. मेल्यावरही शेजाऱ्याशी चढाओढ! पण या माणसाचं खरं स्मारक वेगळंच आहे. केरळात असताना त्यानं तिथल्या झाडापानांवर बारा खंडांचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ करवून घेतला. औषधी झाडांची माहिती दिली इट्टी अच्युतन या केरळी वैद्यानं. आणि त्याला मदत केली रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोंकणी वैद्यांनी. त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेलं आहे. आपल्या बाजूची भाषा साडेतीनशे वर्षांपूर्वी पार ॲमस्टरडॅमला पोचली होती, आहात कुठे!

शेजारीच आर्मेनियन व्यापाऱ्यांचे साधे, आडवे दगड आहेत. त्यांवरची अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत. मुलांनी ती चित्र काढावं तशी वहीत काढली.

परतताना पुतणीनं एक प्रश्न टाकला. "काकी, वखारीतली गाठोडी उचलणारे, जहाजं चालवणारे, ते कुठे आहेत?" त्यांची नावं त्या दगडांवर कुठेच नव्हती. आणि खरं सांगायचं तर, सिंधुदुर्गाचे दगड लाटांत उभं राहून ज्यांनी रचले, त्या शेकडो माणसांची नावं तरी आपल्याला कुठे ठाऊक आहेत? ते पान दोन्हीकडे कोरंच आहे.

आता तुमची पाळी. सुरतेला जायला हवं असं नाही. वेंगुर्ल्याला डचांची वखार पडक्या भिंतींनिशी उभी आहे. गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळा असतात. जुन्या दफनभूमी असतात. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. दफनभूमी वापरात असेल तर आधी परवानगी विचारा. दगडावर चढू नका, खडू-कोळशानं अक्षरं गिरवू नका. पावलांनी लांबी मोजा, वहीत चित्र काढा, अक्षरं जशी दिसतील तशी उतरवून घ्या.

मग वहीचं एक पान मधोमध दुमडा. एका बाजूला लिहा, दगडावर कुणाचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला लिहा, कुणाचं असायला हवं होतं. दुसरी बाजू भरायला घरातल्या आजी-आजोबांना विचारा. आणि तुमचं ते पान मला पाठवा. वाट बघते.